तरुण पिचरची पारख

1958 साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील ॲबरडीन येथील लष्करी चाचणी-क्षेत्रावर एका तरुण खेळाडूस नेण्यात आले. तोफगोळ्यांसारख्या वेगवान वस्तूंची गती मोजण्याची साधने तेथे होती आणि ह्या तरुणाच्या हातून सुटणाऱ्या चेंडूची गती मोजावयाची होती. स्टीव्ह डॅल्कोवस्की हे त्याचे नाव. बॉल्टिमोर ओरिओल्स ह्या बेसबॉल संघाने त्याला आदल्या वर्षीच करारबद्ध केले होते. चाचणीच्या आदल्या दिवशी तो सामना खेळला होता. नेहमीच्या उंचवट्याऐवजी त्याला सपाट जमिनीवरून चेंडू फेकावे लागले आणि यंत्राच्या टप्प्यात चेंडू सापडेपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे गेली. अखेर नोंद झाली ती ताशी 93.5 मैलांची, म्हणजे सुमारे 150 किलोमीटरची. त्याचा चेंडू प्रत्यक्ष पाहिलेल्यांना हा आकडा फारच कमी वाटला.

अशा वेगाचा हा पिचर पुढे वरिष्ठ स्पर्धेतील एकही सामना खेळू शकला नाही. असे का व्हावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास, तरुण पिचरची पारख कशी करावी ह्या शास्त्राची बहुतेक सर्व कलमे हाती येतात.

बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. क्रिकेटमधील गोलंदाजाप्रमाणे तो धावत येत नाही व चेंडूला टप्पाही देत नाही. 18.44 मीटर अंतरावरील 43 सेंटिमीटर रुंदीच्या पाटीवरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत चेंडू न्यावयाचा असतो. तीन ‘स्ट्राइक’ झाले की फलंदाज बाद होतो. चार चेंडू ह्या चौकटीबाहेर गेले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. ह्यास ‘वॉक’ म्हणतात. वेगवान चेंडू सुमारे 0.4 सेकंदात पाटीपर्यंत पोहोचतो. तेवढ्यात फलंदाजाला चेंडू ओळखावयाचा असतो आणि बॅट फिरवावयाची असते.

अमेरिका व कॅनडा मिळून वरिष्ठ स्पर्धेत 30 संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखाली कनिष्ठ संघांची एक शिडी असते. 2021 पासून तिच्या चार मुख्य पायऱ्या आहेत : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए व ट्रिपल-ए. त्यांच्याखाली नवशिक्यांच्या स्पर्धा आहेत. 2023 च्या करारानुसार सिंगल-ए खेळाडूचे किमान वार्षिक वेतन 26,200 डॉलर व ट्रिपल-ए खेळाडूचे 35,800 डॉलर ठरले. त्याच वर्षी वरिष्ठ स्पर्धेतील किमान वेतन 7,20,000 डॉलर होते. शेवटची एक पायरी चढणे वा न चढणे ह्यात एवढे अंतर आहे आणि बहुसंख्य तरुण ती चढू शकत नाहीत. म्हणून कोणास वर पाठवावे, कधी पाठवावे व कोणास थांबवावे, हा निर्णय केवळ संघाचा हिशेब राहत नाही. तो एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांचा निर्णय होतो.

सामान्य प्रेक्षक प्रथम पाहतो ते जय-पराजय. परंतु पिचरच्या नावावर जमा होणारा जय त्याच्या सहकाऱ्यांनी किती धावा काढल्या ह्यावरही अवलंबून असतो. त्याने किती धावा दिल्या हा आकडा त्याहून बरा. पण त्यातही क्षेत्ररक्षकांचे कौशल्य, मैदानाचा आकार आणि दैव ह्यांचा वाटा असतो. 2001 साली वोरॉस मॅक्क्रॅकन ह्या अभ्यासकाने असे दाखविले की, फलंदाजाने मैदानात टोलविलेल्या चेंडूंपैकी किती चेंडू सुरक्षित पडतात, ह्यावर पिचरचे नियंत्रण समजुतीपेक्षा पुष्कळच कमी असते. त्याच्या खऱ्या ताब्यात असतात त्या मुख्यतः तीन गोष्टी : स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, दिलेले वॉक आणि मैदानाबाहेर गेलेले टोले. ह्यांपैकी पहिल्या दोहोंचे प्रमाण काहीशे फलंदाजांतच बऱ्यापैकी स्थिर होते. मैदानात पडलेल्या चेंडूंचे प्रमाण स्थिर होण्यास कित्येक हंगाम जावे लागतात. तुलनेसाठी सांगावयाचे तर, 2023 व 2024 ह्या हंगामांत वरिष्ठ स्पर्धेतील पिचरांनी दर शंभर फलंदाजांपैकी सरासरी 22 ते 23 जणांना स्ट्राइकवर बाद केले व आठ-नऊ जणांना वॉक दिले.

ह्या कसोटीवर डॅल्कोवस्की कसा उतरतो? 1957 साली किंग्सपोर्ट येथील पहिल्या हंगामात त्याने 62 डावांत 121 फलंदाज स्ट्राइकवर बाद केले. म्हणजे घेतलेल्या बळींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश. पण त्याच 62 डावांत त्याने 129 वॉकही दिले. 1960 साली स्टॉक्टन येथे 170 डावांत 262 बळी आणि नेमके तेवढेच, 262, वॉक! वेग अद्वितीय होता; त्यावर ताबा मात्र नव्हता.

आकडे पाहताना आणखी दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात : खेळाडूचे वय आणि स्पर्धेची पायरी. सिंगल-एमधील पंचवीस वर्षांच्या पिचरने अननुभवी मुलांना चकविले, तर त्यात नवल नाही. तीच कामगिरी एकोणीस वर्षांच्या मुलाने केली, तर तिचे मोल फार मोठे. तथापि वय हीही अढळ कसोटी नव्हे. जेकब डीग्रॉम हा महाविद्यालयात मुख्यतः क्षेत्ररक्षक होता. 2010 साली न्यूयॉर्क मेट्स संघाने त्याला नवव्या फेरीत निवडले आणि त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पुढचा संपूर्ण हंगाम वाया गेला. 2013 साली ट्रिपल-एच्या पायरीवर, लास व्हेगाससारख्या फलंदाजधार्जिण्या मैदानावर, त्याचे आकडे सामान्यच होते. 2014 च्या मे महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो वरिष्ठ स्पर्धेत उतरला व त्याच वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. 2018 साली त्याने दर नऊ डावांमागे केवळ 1.70 धावा दिल्या. तरीही त्याच्या नावावर 10 जय व 9 पराजय एवढेच लागले. सर्वोत्तम पिचरला मिळणारे साय यंग पारितोषिक त्या वर्षी त्यालाच देण्यात आले. जय-पराजयाचा आकडा किती फसवा, हे ह्याहून स्पष्ट कोणी सांगावे?

आज पारख करणाऱ्यांच्या हाती रडार व वेगवान कॅमेरे आहेत. चेंडूचा वेग, तो मिनिटास किती फेरे घेतो, हवेत किती वळतो व हातातून कोठे सुटतो, हे सर्व मोजता येते. त्यामुळे बळी मिळत नसतानाही एखाद्याचा चेंडू सुधारत आहे, हे आधी कळू शकते. अनुभवी निरीक्षक मात्र एवढ्यावर थांबत नाही. वेगवान चेंडूच्या जोडीला दुसरा व तिसरा प्रकार आहे काय? उजव्या व डावखुऱ्या अशा दोन्ही फलंदाजांना तो अडचणीत आणतो काय? तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आल्यावर काय होते? ह्या प्रश्नांच्या उत्तरांवरून तो सामन्याचा आरंभ करणारा पिचर होईल की शेवटच्या एखाद्या डावापुरता उपयोगी पडेल, हे ठरते.

ह्या सर्वांहून नाजूक प्रश्न कोपराचा आहे. कोपराच्या आतल्या बाजूस दंडाचे हाड व हाताचे हाड जोडणारा एक लहानसा अस्थिबंध असतो. मृतदेहांवरील प्रयोगांत तो सुमारे 32 न्यूटन-मीटर इतक्या पिळाखाली तुटला. वेगाने चेंडू फेकताना कोपरावर त्याच्या दुप्पट पीळ येतो. भोवतालचे स्नायू भार वाटून घेतात म्हणूनच तो टिकतो. 1974 साली डॉ. फ्रँक जोब ह्यांनी टॉमी जॉन ह्या पिचरच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच शरीरातील स्नायुरज्जू बसविला. जॉन 1976 साली पुन्हा खेळू लागला आणि त्यानंतर त्याने 164 सामने जिंकले. परंतु शस्त्रक्रिया म्हणजे अभयदान नव्हे. डीग्रॉमला 2023 साली पुन्हा तिला सामोरे जावे लागले. वेगाचा अतिरेकी हव्यास हे अशा दुखापतींचे एक प्रमुख कारण असावे, असा निष्कर्ष वरिष्ठ स्पर्धेच्या चालकांनीच 2024 च्या अहवालात काढला आहे. जो गुण तरुणास वर चढवितो, तोच त्याला जायबंदीही करू शकतो.

डॅल्कोवस्कीच्या कथेचा शेवट येथेच आहे. 1962 साली न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे अर्ल वीव्हर हे त्याचे व्यवस्थापक होते. त्यांनी सूचनांचा भडिमार टाळला आणि साध्या, थोड्या शब्दांत त्याला चेंडू पाटीवर आणावयास सांगितले. त्या हंगामात त्याने 160 डावांत 192 बळी घेतले व 114 वॉक दिले. दोन वर्षांपूर्वी नऊ डावांमागे सुमारे चौदा वॉक देणारा पिचर सहा-साडेसहांवर आला होता. 1963 च्या मार्चमध्ये, वरिष्ठ संघात त्याची जागा जवळजवळ निश्चित झाली असता, सरावाच्या एका सामन्यात त्याचे कोपर दुखावले. टॉमी जॉनवरील शस्त्रक्रियेस अजून अकरा वर्षे अवकाश होता. तो वेग पुन्हा कधी परतला नाही. 2020 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तो मृत्यू पावला.

ॲबरडीनच्या यंत्राने त्याच्या चेंडूचा वेग मोजला. त्याची खरी प्रगती मात्र एल्मायराच्या धावपत्रिकेत, वॉकच्या रकान्यात, उमटली होती. तरुण पिचरविषयी अनुमान काढणाऱ्याने म्हणूनच एका आकड्यावर विसंबू नये. त्याच्या ताब्यात काय आहे ते पाहावे, ते कोणत्या वयात व कोणासमोर साधले ते पाहावे, आणि त्याचा हात ह्या सर्वाचा भार किती काळ सोसेल, हे विचारल्यावाचून त्याला पुढच्या पायरीवर पाठवू नये.