साकळलेले रक्त आणि मूत्रपिंडाचा विकार

खरचटले की रक्त वाहते आणि थोड्याच वेळात साकळते. हे साकळणे जीव वाचवते. पण तेच शिरेच्या आत घडले तर जिवावर बेतते.

मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. नेफ्रॉटिक सिंड्रोम या विकारात ही गाळणी सैल पडते आणि रक्तातली प्रथिने लघवीवाटे जातात. लघवीला फेस येतो; डोळ्यांभोवती, पायांवर सूज चढते. लहान मुलांनाही हा विकार होतो. जाणाऱ्या प्रथिनांत अँटिथ्रॉम्बिन असते. रक्त वाजवीपेक्षा जास्त साकळू न देणे हे त्याचे काम. इकडे तूट भरायला यकृत जोमाने प्रथिने करू लागते. त्यांत रक्त साकळवणारे फायब्रिनोजेन वाढते. म्हणजे लगाम सुटला आणि वर घोड्याला टाचही मारली!

या विकारात दोन्ही पाय सुजतात, हे खरे. पण एकच पाय अधिक सुजून दुखू लागला, तर गुठळीचा संशय घ्यावा. तो पाय चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, तर घटकाभरही न थांबता इस्पितळ गाठावे. यावर औषधे आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.