संमिश्र तुळयांचे उच्च तापमानातील वर्तन

पोलादी तुळई आणि तिच्यावरील काँक्रीटचा स्लॅब एकमेकांना जोडून, दोहोंनी मिळून भार वाहावा अशी जी रचना केली जाते तिला संमिश्र तुळई असे म्हणतात. बहुमजली कार्यालये, वाहनतळ व पूल यांच्या बांधकामात ही रचना मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. आग लागल्यावर पोलाद आणि काँक्रीट हे दोन पदार्थ वेगवेगळ्या वेगाने तापतात, कमी-अधिक प्रसरण पावतात व वेगवेगळ्या तापमानांना दुर्बल होतात. त्यामुळे आगीतील संमिश्र तुळईचे वर्तन या दोन पदार्थांच्या स्वतंत्र वर्तनापेक्षा निराळे असते. रहिवाशांना बाहेर पडण्यास आणि अग्निशामक दलाला काम करण्यास किती वेळ मिळेल, हे बऱ्याच अंशी या वर्तनावर अवलंबून असते.

रचना

संमिश्र तुळईतील पोलादी भाग बहुधा इंग्रजी 'आय' अक्षराच्या आकाराचा असतो. त्यातील आडव्या पट्ट्यांना फ्लँज व उभ्या पट्टीला वेब म्हणतात. वरच्या फ्लँजवर डोके असलेले पोलादी खुंट वितळजोडाने बसवतात व त्यांच्यावर काँक्रीट ओततात. या खुंटांना कर्तन-स्टड म्हणतात. त्यांच्यामुळे स्लॅब तुळईवरून घसरत नाही आणि दोन्ही भाग एकत्र वाकतात. अशा वेळी वरचे काँक्रीट दाब सहन करते, तर खालचे पोलाद ताण सहन करते. काँक्रीट दाबात बळकट पण ताणात दुर्बल असल्यामुळे कामाची ही वाटणी दोन्ही पदार्थांच्या गुणधर्मांना अनुकूल ठरते.

पदार्थांवर उष्णतेचा परिणाम

पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सियसला वितळते. परंतु इमारतीच्या दृष्टीने त्याचे बळ त्यापूर्वी पुष्कळच आधी संपते. युरोपीय संकेतावलीतील कोष्टकानुसार ४०० अंशांपर्यंत पोलादाचे परिणामी नमनबल जवळजवळ अबाधित राहते. त्यानंतर ते झपाट्याने घटते. ५०० अंशांना ते मूळ बळाच्या ७८ टक्के, ६०० अंशांना ४७ टक्के, ७०० अंशांना २३ टक्के आणि ८०० अंशांना केवळ ११ टक्के उरते. ताठपणा मात्र १०० अंशांपासूनच कमी होऊ लागतो व ६०० अंशांना सुमारे ३१ टक्के राहतो. म्हणूनच तुळई मोडण्याच्या कितीतरी आधी ती वाकलेली दिसते.

काँक्रीट उष्णतेचे मंदवाहक आहे. स्लॅबचा खालचा पृष्ठभाग ज्वाळांनी तापला तरी काही सेंटीमीटर वरचा थर बराच काळ तुलनेने थंड राहतो. सिलिकायुक्त खडी वापरलेल्या काँक्रीटचे दाबबल ४०० अंशांना सुमारे ७५ टक्के व ६०० अंशांना सुमारे ४५ टक्के उरते. काँक्रीटमधील पाण्याची वाफ होऊन तिचा दाब वाढल्यास पृष्ठभागाच्या खपल्या उडतात व आतील सळया उघड्या पडू शकतात.

आगीतील वर्तन

चाचण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित अग्निवक्रात तापमान ३० मिनिटांत सुमारे ८४२ अंशांवर व ६० मिनिटांत सुमारे ९४५ अंशांवर पोहोचते. अशा आगीत तुळईचा खालचा फ्लँज व पातळ वेब वेगाने तापतात. वरचा फ्लँज स्लॅबला चिकटलेला असल्याने त्याची उष्णता काँक्रीटमध्ये जाते व तो मागे राहतो. खालची बाजू अधिक तापल्याने अधिक प्रसरण पावते आणि तुळई खाली वाकते. आरंभीच्या टप्प्यातील वाक मुख्यतः या असमान तापण्याचा असतो. तो बळ घटल्याचा पुरावा नव्हे.

पुढे खालचे पोलाद दुर्बल होते, तसे त्याने वाहिलेले ताणबल कमी होते. समतोलासाठी स्लॅबमधील दाबबलही तितकेच कमी व्हावे लागते आणि उदासीन अक्ष वर सरकतो. स्लॅबचा थंड असलेला वरचा थर हा दाब सहज पेलतो. त्यामुळे तुळईची वहनक्षमता प्रामुख्याने पोलादाच्या तापमानावर ठरते. कर्तन-स्टड काँक्रीटमध्ये गाडलेले असल्याने ते कमी तापतात. युरोपीय संकेतावलीत स्टडचे तापमान वरच्या फ्लँजच्या ८० टक्के व सभोवतालच्या काँक्रीटचे ४० टक्के धरण्याची मुभा आहे. म्हणजेच जोडाचे बळ पोलादी तुळईच्या बळापेक्षा सावकाश घटते.

प्रसरण व जोड

१० मीटर लांबीची मोकळी पोलादी तुळई ६०० अंशांपर्यंत तापली, तर तिची लांबी सुमारे ८ सेंटीमीटरने वाढते. प्रत्यक्ष इमारतीत स्तंभ व शेजारचे थंड मजले या वाढीला अडवतात. परिणामी तुळईत मोठा दाब निर्माण होतो व टोकांजवळ खालचा फ्लँज दुमडतो. वाक फार वाढल्यावर तुळई दोरासारखी लोंबून ताणाने भार वाहू लागते. आग विझल्यानंतर आखडणारी तुळई जोडांना आत खेचते. त्यामुळे काही जोड आग भरात असताना नव्हे, तर थंड होताना तुटतात.

प्रत्यक्ष घटना व चाचण्या

२३ जून १९९० रोजी लंडनमधील ब्रॉडगेट संकुलातील बांधकाम चालू असलेल्या १४ मजली इमारतीला आग लागली. आग सुमारे साडेचार तास चालली. पोलादाच्या बऱ्याच भागावर अद्याप अग्निरोधक आवरण नव्हते; तरीही इमारत कोसळली नाही. यानंतर इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथे विमाननौकांच्या जुन्या शेडमध्ये उभारलेल्या आठ मजली पोलादी सांगाड्यावर १९९५-९६ मध्ये पूर्ण आकाराच्या अग्निचाचण्या झाल्या. काही चाचण्यांत निरावरण तुळयांचे तापमान १,००० अंशांपुढे गेले, तरी मजले टिकले. वाकलेल्या स्लॅबमधील सळयांची जाळी ताणलेल्या चादरीसारखी भार वाहते, हे त्यातून स्पष्ट झाले. या क्रियेला ताण-पटल क्रिया म्हणतात.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यू यॉर्कमधील ४७ मजली सात क्रमांकाची वर्ल्ड ट्रेड सेंटर इमारत सुमारे सात तासांच्या आगीनंतर कोसळली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २००८ मधील अहवालानुसार, मजल्याच्या तापलेल्या तुळयांच्या प्रसरणामुळे एक मुख्य तुळई आधारावरून ढकलली गेली आणि पडझडीची मालिका सुरू झाली. येथे निर्णायक ठरले ते पोलादाचे दौर्बल्य नव्हे, तर प्रसरण व जोडांची रचना.

संरक्षण व मानके

पोलादाचे तापणे लांबवण्यासाठी उष्णतेने फुगून जाड थर तयार करणारे रंग, व्हर्मिक्युलाइटयुक्त फवारणी, जिप्समच्या पाट्या किंवा फ्लँजांमधील पोकळीत सळयांसह भरलेले काँक्रीट यांचा उपयोग करतात. आवरणाची जाडी ठरवताना आगीला सामोरा जाणारा पृष्ठभाग व पोलादाचे आकारमान यांचे गुणोत्तर पाहतात. पातळ तुळईला अधिक जाड आवरण लागते. स्तंभ कोसळल्यास अनेक मजले धोक्यात येत असल्याने त्यांचे संरक्षण जोडांसह पूर्ण उंचीभर करतात.

युरोपात संमिश्र रचनांच्या अग्निसंकल्पनासाठी 'ईएन १९९४-१-२' ही संकेतावली आहे. भारतात संमिश्र बांधकामासाठी 'आयएस ११३८४' हे मानक असून पोलादी रचनांच्या अग्निरोधाचा विचार 'आयएस ८०० : २००७' च्या १६ व्या विभागात केला आहे. त्यातील सूत्रानुसार २१५ अंशांपासून पोलादाचे बळ समप्रमाणात घटत जाते व सुमारे ५६० अंशांना निम्मे उरते.