आपल्या रोजच्या फोटोंतून खोलीचे रंग कसे ठरवावेत

या पाठात काय शिकाल

तुमच्या फोनमध्ये शेकडो फोटो पडून असतील: गावाकडचे अंगण, कॉलेजच्या वाटेवरचे झाड, चहाची टपरी, पावसानंतरचा रस्ता. त्यांतला एखादा फोटो घेऊन खोलीचे रंग ठरवता येतात. हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला तीन गोष्टी करता आल्या पाहिजेत: फोटोतील रंगांचे प्रमाण मोजणे, फोटोतील उजेडाची चूक दुरुस्त करणे आणि भिंतीला रंग लावण्यापूर्वी चाचणी घेणे. त्यासाठी अंतराचे सूत्र आणि टक्केवारी एवढेच गणित पुरे आहे.

१. सुरुवात एका चुकीपासून

काही वर्षांपूर्वी आम्ही नोएडातल्या एका सदनिकेत राहायला आलो. मे महिना होता. दिल्लीत अमृता शेरगिल मार्गावर बहावा फुलतो. इकडे त्याला अमलतास म्हणतात. तिथे संध्याकाळी काढलेला एक फोटो घरात सगळ्यांना आवडला. मी फोटोतल्या फुलावर बोट ठेवून रंगाचा आकडा काढला, दुकानातून तसाच पिवळा मिसळून आणला आणि मुलीच्या खोलीच्या चारही भिंतींना दोन हात मारून घेतले. तिसऱ्या दिवशी मुलगी वह्यापुस्तके उचलून जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसली. खोलीत डोळे दुखतात, असे तिचे म्हणणे होते. महिनाभरात खोली पुन्हा रंगवावी लागली. पैसे गेले, मजुरी गेली आणि ऐन परीक्षेत तिची आठ दिवसांची गैरसोय झाली.

फोटो चांगला होता आणि रंगाऱ्याचे कामही चोख होते. चूक माझ्या हिशेबात होती. ती नेमकी कुठे झाली, ते क्रमाने पाहू.

२. पहिली चूक: रंग घेतला, प्रमाण सोडले

फोटोवर दहा उभ्या आणि दहा आडव्या पट्ट्यांची जाळी आखा. असे १०० चौकोन होतील. प्रत्येक चौकोनात कोणता रंग जास्त आहे ते पाहून मोजा. माझ्या फोटोत पिवळे १२, पानांचे हिरवे ३८, खोड व रस्त्याचे करडे २७ आणि फिकट आकाशाचे २३ चौकोन निघाले. म्हणजे आम्हाला आवडलेल्या दृश्यात पिवळा फक्त १२ टक्के होता.

आता खोलीचा हिशेब करू. खोली १० फूट × १२ फूट, उंची १० फूट. दारे-खिडक्या सोयीसाठी सोडून देऊ.

चार भिंती: २ × (१० + १२) × १० = ४४० चौरस फूट
जमीन व छत: १२० + १२० = २४० चौरस फूट
एकूण: ६८० चौरस फूट

चारही भिंती पिवळ्या केल्यावर पिवळ्याचा वाटा ४४० ÷ ६८०, म्हणजे सुमारे ६५ टक्के झाला. फोटोप्रमाणे तो १२ टक्के, म्हणजे सुमारे ८२ चौरस फूट असायला हवा होता. एवढ्यात एक भिंतसुद्धा पूर्ण भरत नाही.

हा आकडा वसतिगृहात किंवा पीजीमध्ये राहणाऱ्यांच्या फार उपयोगाचा आहे. तिथे भिंतीला खिळा ठोकायचीही परवानगी नसते. पण ५ × ७.५ फुटांची चादर ३७.५ चौरस फूट होते आणि ४ × ७ फुटांचे दोन पडदे ५६ चौरस फूट. दोन्ही मिळून ९३.५. फोटोतल्या ठळक रंगाचा वाटा भिंतीला हात न लावता भरून निघतो.

दिल्लीतली हुमायूनची कबर याच नजरेने पाहा. लाल वालुकाश्म बहुतांश पृष्ठभागावर आहे. पांढरा संगमरवर घुमटावर आणि रेषांमध्ये. तेच दोन दगड निम्मे-निम्मे वापरले असते, तर इमारत वेगळीच दिसली असती.

३. संगणकाकडून मोजणी: के-मीन्स

चौकोन हाताने मोजण्याऐवजी हे काम संगणकाला देता येते. फोटोतील प्रत्येक पिक्सेल म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. प्रत्येक ० ते २५५. अशा १,६७,७७,२१६ जोडण्या शक्य आहेत. त्यांतून चार-पाच प्रातिनिधिक रंग काढायचे, तर के-मीन्स ही पद्धत वापरतात. हे नाव मॅक्वीन यांच्या १९६७ च्या लेखातून रूढ झाले. पायऱ्या अशा:

(अ) किती रंग हवेत ते ठरवा, समजा ४. चार सुरुवातीचे केंद्ररंग घ्या.
(आ) प्रत्येक पिक्सेल त्याच्या सर्वांत जवळच्या केंद्राच्या गटात टाका.
(इ) प्रत्येक गटाची सरासरी काढा. तेच नवे केंद्र.
(ई) केंद्रे हलायची थांबेपर्यंत (आ) आणि (इ) पुन्हा करा.

उदाहरण: केंद्रे (२४०, २००, ५०) पिवळे आणि (८०, ११०, ६०) हिरवे. पिक्सेल (२००, १८०, ७०) कोणाकडे जाईल?

पिवळ्यापासून अंतराचा वर्ग: ४०² + २०² + २०² = २४००
हिरव्यापासून अंतराचा वर्ग: १२०² + ७०² + १०² = १९४००

म्हणून तो पिवळ्या गटात जाईल. शेवटी प्रत्येक गटातील पिक्सेल मोजले की प्रमाणही मिळते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. गटांची संख्या कमी ठेवली, तर फोटोतील छोटा पण महत्त्वाचा रंग, उदाहरणार्थ दारातल्या जास्वंदीचे एक फूल, मोठ्या गटात विरून जातो. म्हणून संगणकाचे उत्तर आले तरी डोळ्याने एकदा तपासा.

४. दुसरी चूक: उजेड रंगात मिसळला

फुलाचा जो आकडा मी काढला, तो निव्वळ फुलाचा नव्हता. त्यात संध्याकाळचे तांबूस ऊनही होते. पांढरी वस्तू पांढरी दिसावी म्हणून फोन तिन्ही आकड्यांत आपोआप फेरफार करतो, पण तो अंदाज असतो आणि कधी चुकतो.

उपाय सोपा आहे. फोटो घेताना एका कोपऱ्यात साधा पांढरा कागद येऊ द्या. समजा फोटोत कागदाचा आकडा (२५०, २३५, २००) आला. कागदाचे तिन्ही आकडे सारखे यायला हवेत. हिरवा स्थिर ठेवून लालला २३५ ÷ २५० = ०.९४ ने आणि निळ्याला २३५ ÷ २०० = १.१७५ ने गुणा. मग (२४०, २००, ५०) हा पिवळा सुमारे (२२६, २००, ५९) होतो, म्हणजे तांबूसपणा उतरतो. काटेकोर काम करायचे तर हे गुणाकार गॅमा काढून टाकल्यानंतरच्या आकड्यांवर करतात. अंदाजासाठी एवढे चालते.

५. तिसरी चूक: भिंती एकमेकींवर रंग टाकतात

शेडकार्डवरचा दोन इंचांचा तुकडा आणि चार भिंती यांत आणखी एक फरक आहे. समजा पिवळा रंग लाल प्रकाशाचा ८० टक्के आणि निळ्याचा २० टक्के भाग परावर्तित करतो. म्हणजे निळ्याचे लालशी गुणोत्तर १ : ४. तोच प्रकाश समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडून परत आला, की लाल ६४ टक्के आणि निळा ४ टक्के उरतो. गुणोत्तर १ : १६. प्रत्येक उसळीला पिवळा आणखी गडद होतो. डोळे का दुखत होते, ते यावरून कळते. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा भिंतीसाठी बरीच फिकी छटा घ्यावी.

शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. पॅरिसमधील गोबेलिन्स कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या शेव्हरल यांच्याकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. तपासल्यावर रंग पक्का निघाला. काळ्याशेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. या अभ्यासावरचे त्यांचे पुस्तक १८३९ मध्ये आले.

६. रंग लावण्यापूर्वीची चाचणी

१. सर्वांत लहान डबा आणा. २ × २ फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारून पूर्ण वाळू द्या.
२. पुठ्ठा प्रत्येक भिंतीवर, सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. २७०० केल्विनचा दिवा पिवळसर आणि ६५०० केल्विनचा निळसर उजेड देतो. दिल्लीत उत्तरेच्या खिडकीतून हिवाळ्यात थेट ऊन येत नाही. तिथे करडी छटा फार थंड वाटू शकते.
३. पडद्याचे कापड दुकानात जुळले म्हणून घेऊ नका. एका दिव्याखाली सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. याला मेटामेरिझम म्हणतात. नमुना घरी आणून पुठ्ठ्याशेजारी धरा.

७. समारोप

आमच्या मुलीच्या खोलीत आता फिकट आकाशाच्या छटेच्या भिंती आहेत, हिरवे पडदे आहेत, करडी सतरंजी आहे आणि पिवळे फक्त उशांचे अभ्रे व एक चादर. तो फोटो भिंतीवर लावलेला नाही, तरी खोलीत आलेल्या पाहुण्याने एकदा "बहावा आठवतो" असे म्हटले. मुलगी तिथेच बसून अभ्यास करते.

तुमच्यापैकी बरेच जण घरापासून लांब, परक्या शहरातल्या खोलीत राहत असाल. घराची आठवण म्हणून अंगणाचा फोटो भिंतीला चिकटवणे हा एक मार्ग झाला. त्या अंगणातला शेणसड्याचा तपकिरी, तुळशीचा हिरवा आणि रांगोळीचा पांढरा त्याच प्रमाणात चादरीत, पडद्यात आणि टेबलावर आणणे हा दुसरा. त्याला खर्च थोडा येतो आणि खोली सोडताना तो सगळा बरोबर नेता येतो.

स्वाध्याय

१. स्वतःचा एक फोटो निवडा, १०० चौकोनांची जाळी आखा आणि रंगांचे प्रमाण लिहा.
२. तुमच्या खोलीचे एकूण पृष्ठफळ काढा. सर्वांत ठळक रंगाचा वाटा किती चौरस फूट येतो? तो कोणत्या वस्तूंनी भराल?
३. कागदाचा आकडा (२२०, २३०, २५०) आला, तर फोटो कोणत्या उजेडात घेतला असावा? तिन्ही गुणक काढा.
४. पायथनमध्ये के-मीन्स चालवून पहिल्या प्रश्नाचे उत्तर पडताळा. फरक आला तर तो कोणत्या रंगात आला आणि का, ते चार ओळींत लिहा.