पंधरा बाय अठरा

सकाळी ६.३०
नाशिक. म्हसरूळ, दिंडोरी रोड. पिकअप रात्री वाशीला जाऊन नुकतीच परतली आहे. मालक तोच, ड्रायव्हरही तोच. वय अडतीस. घरात शिरण्याआधी तो नळी लावून हौदा धुतो, पत्र्याच्या खाचांत अडकलेल्या मेथीच्या काड्या खराट्याने काढतो. मग जुनी निळी ताडपत्री जमिनीवर पसरतो. गेल्या जूनमध्ये हजार रुपयांना घेतलेली. आता अंगठा दाबला तरी आरपार जातो आणि हाताला निळा भुसा लागतो. तिला पावसाने नाही, उन्हाने खाल्लं. एप्रिल-मेमध्ये गाडीवर तशीच बांधून ठेवली की स्वस्त प्लॅस्टिकचं असंच होतं.

मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात कांद्याच्या बारा गोण्या भिजल्या. व्यापाऱ्याने भाड्यातून १,२०० कापले. हा काही बोलला नाही. पुढचं भाडंही त्याच्याकडूनच यायचं असतं. आज ५ जून. मृग दोन-तीन दिवसांवर आलाय. चहा-पोहे खाऊन तो झोपतो.

सकाळी १०.००
तीन तासांची झोप झाली. तो टेप घेऊन हौद्यात चढतो. लांबी नऊ फूट, रुंदी साडेपाच. पालेभाजी भरली की थर तळापासून साडेचार फुटांवर जातो. दोन्ही बाजूंना तेवढी ताडपत्री खाली यायला हवी. साडेपाच आणि साडेचार दोनदा, साडेचौदा. नऊ आणि साडेचार दोनदा, अठरा. वहीच्या कागदावर तो लिहितो: १५ × १८. खाली रेघ मारून: ‘तयार माप’. कडा दुमडून शिवल्या की चार-सहा इंच आत जातात आणि दुकानात माप कापडाचं सांगतात. हे त्याला गेल्या वर्षी कळलं.

सकाळी ११.००
आडगाव नाका. ट्रकच्या पार्टची, टायरची, दोरांची दुकानं. पहिल्या दुकानात निळी-काळी प्लॅस्टिकची ताडपत्री समोर टाकतात. “दोनशे जीएसएम, शेठ. पाच रुपये फूट.” म्हणजे १,३५० रुपये.

जीएसएम म्हणजे चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. दोनशे सत्तर चौरस फूट म्हणजे साधारण पंचवीस चौरस मीटर. दोनशेचा माल असेल तर पाच किलो भरायला हवा. तो शेजारच्या दोरवाल्याच्या काट्यावर घडी ठेवायला सांगतो. दुकानदाराचा चेहरा जरा बदलतो. चार किलो शंभर. त्यात कडेची दोरीही आली.

“सगळीकडे असंच येतं, दादा.”

“मग दीडशेचा भाव लावा ना.”

भाव लागत नाही. या मालाला आयएस ७९०३ असं भारतीय मानक आहे, पण दोघांपैकी कोणीच त्याचं नाव काढत नाही. नाक्यावरचं मानक म्हणजे काटा. माझ्या मते तेवढं पुरतं, फक्त काटा शेजाऱ्याचा असावा.

सकाळी ११.४०
पुढच्या गल्लीत पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे कारागीर बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. हाताखाली एक पोरगा, रोज पाचशे रुपये. चाचा आधी ताडपत्री दाखवत नाहीत. विचारतात, “भरतोस काय?”

“आता कोथिंबीर, मेथी. ऑगस्टपासून टोमॅटो. मधे कांदा.”

“वर चढून बांधतं कोण?”

“मीच.”

आता तीन तुकडे समोर येतात. पहिला सुती कॅनव्हास, मेण पाजलेला, खाकी. याच्यातून हवा जाते, माल घामेजत नाही. पण भिजला की जड होतो, आणि ओला घडी घालून ठेवला तर चार दिवसांत कुबट वास. भाव अठ्ठावीस रुपये फूट. हिशेब न करताच तो तुकडा बाजूला जातो.

दुसरा पीव्हीसीचा, साडेसहाशे जीएसएम. ट्रकवाले हाच नेतात. त्याने पाणी येणार नाही, सात-आठ वर्षं बघायला नको. पण पंधरा बाय अठराचं वजन सोळा किलो. रात्री घाटात, पावसात, एकट्याने मालावर उभं राहून सोळा किलो ओढायचे. चाचा तुकडा त्याच्या हातात देतात आणि काही बोलत नाहीत.

तिसराही पीव्हीसी, साडेचारशेचा. अकरा किलोच्या थोडं वर. बारा रुपये फूट, ३,२४०.

तो साडेचारशेवर बोट ठेवतो. चाचा मान हलवतात, पण एक अडचण सांगतात. पीव्हीसीतून वारा जात नाही. कोथिंबीर सगळीकडून आवळून बांधली तर वाशीत उघडेपर्यंत आतून तापलेली असते, पानं पिवळी. पावसाने जुडी भिजते, वाफेने मरते. “म्हणून मागची बाजू गुंडाळून वर बांधायची. मी तिथे हिरवी शेडनेट लावून देतो. पाऊस समोरून मारतो, मागून वारा खेळू दे.” द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात शेडनेटचा तुकडा कुठेही मिळतो. शंभर-दीडशेचं काम.

पिकअपच्या पत्रकात हौद्याची लांबी, वजन, इंजिन सगळं छापलेलं असतं. कोथिंबिरीला वारा लागतो, हे मात्र असं शेडमध्येच कळतं.

दुपारी १.१५
पोरगा जमिनीवर कापड पसरतो. ठाणाची रुंदी पुरत नाही, त्यामुळे दोन सांधे येणार. पीव्हीसी शिवत नाहीत. सुई गेली तिथे भोक, भोक तिथे पाणी. हॉट एअर गनचं तोंड दोन थरांमध्ये धरतात, मागून लोखंडी रूळ दाबत नेतात. हात थांबला तर कापड जळतं, पळाला तर चिकटत नाही. प्लॅस्टिकच्या धुराने डोळे चुरचुरतात. मास्क खुंटीला टांगलेला आहे. सांधा लांबीच्या दिशेने, आणि वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढवलेली, कौलांसारखी.

दुपारी ३.००
आता आयलेट. नेहमीच्या भावात तीन फुटांवर एक मिळतं, म्हणजे सगळ्या कडेला बावीस. याला दीड फुटावर हवेत. गाडी साठने पळाली की वारा कडेखाली शिरतो आणि सगळा ओढा दोन-चार आयलेटांवर येतो. तिथूनच फाटायला सुरुवात होते. जादा बावीस, दहा रुपयांना एक, पितळी.

बाभळीच्या ओंडक्यावर कड ठेवायची. दुमडीत दोरी आहे का ते बोटाने चाचपायचं. पंच ठेवून एक घाव, गोल चकती उडते. खालून नळी, वरून वायसर, ठसा उभा धरून दोन घाव. नळीचं तोंड फुलासारखं उलटतं आणि वायसरला पकडतं. पोरगा आयलेट नखाने फिरवून बघतो. फिरलं तर सैल, पुन्हा घाव. चार कोपऱ्यांना दुहेरी पट्टी, १२० रुपये. नायलॉनचा नाडा २००. हौद्याचे कोपरे ताडपत्री कापतात, म्हणून चाचा जुन्या ट्यूबचे चार तुकडे देतात. त्याचे पैसे घेत नाहीत.

दुपारी ४.१०
ताडपत्री उन्हाकडे उभी धरून दोघं खालून बघतात. टाचणीएवढा उजेड कुठे दिसतोय का? दिसत नाही. सांध्यावर बादलीभर पाणी ओततात आणि बिडी संपेपर्यंत थांबतात. खालून कोरडी.

हिशेब ३,९३०. ठरतात ३,८००. दोन हजार फोनवरून जातात. बाकी १,८०० उद्या.

सायंकाळी ५.४५
पंचवटी, बाजार समिती. नाशिकला पालेभाज्यांचे लिलाव संध्याकाळी होतात, कारण माल रात्रीतून मुंबईला पोचायचा असतो. कोथिंबिरीचा भाव शेकड्याने, शंभर जुड्यांचा. पुकारा पुढे सरकतो, मागे लगेच जुड्या उचलल्या जातात. हमाल हौद्यात थर लावतात. आभाळ पश्चिमेकडून काळं झालेलं.

तो वर चढतो. आधी केबिनकडची कड, सगळ्यात घट्ट. मग दोन्ही बाजू, एकाआड एक हुकात. मधे एक आडवा पाइप टाकलाय, नाहीतर वर पाणी साचून पोट धरतं. मागची बाजू गुंडाळून बांधतो, शेडनेट खाली सोडतो. जुन्या ताडपत्रीला वीस मिनिटं लागायची. आज चाळीस लागली, नवं कापड कडक आहे.

रात्री ९.५०
घोटीचा टोल मागे गेला, आणि पाऊस. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पन्नास किलोमीटरच्या आत इगतपुरीत तीन हजारांच्या वर. तो थांबतो, टॉर्च घेऊन एक फेरी मारतो. डाव्या बाजूचा नाडा चार बोटं सैल. आवळतो. ५ जून २०२५पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून आमण्यापर्यंत खुला आहे, त्यावर जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. तिकडून गेलं तर तेवढा वेळ पाऊस नाही, पण टोल वाढतो. तो कसारा घाटाने उतरतो. कडा फडफडत नाहीत.

रात्री १.३०
वाशी, भाजी मार्केट. गाड्यांची रांग. नंबर येईपर्यंत तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून झोपतो.

पहाटे ३.१०
गाळ्यावरचा माणूस मागून हात घालून मधली जुडी ओढतो, नाकाला लावतो. गार आहे. पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या पंधरा-वीस जुड्या ओल्या निघतात. तिथे ट्यूबचा तुकडा सरकला होता. त्या वेगळ्या काढतात, पैसे कापत नाहीत.

भाडं ६,५००. डिझेल २,७५०. टोल, चहा, जेवण आणि मार्केटमधली किरकोळ मिळून ८५०. उरले २,९००. त्यातले १,८०० आडगाव नाक्यावर द्यायचे, राहिले १,१००. गाडीचा हप्ता १४,२०० आहे आणि तो १० तारखेला कापला जातो.