दुर्रीने कापलेला एक्का

दिवेआगरात मे महिन्यात दुपारची जेवणं झाली, की ओटीवर पत्त्यांचा डाव पडतो. ऊन उतरेपर्यंत समुद्रावर कोणी जात नाही. वाडीतल्या सुपारीच्या सावलीत चारजण बसले, की मेंढीकोट ठरलेला. समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं, आणि सगळी धडपड चार दश्श्या, म्हणजे चार मेंढ्या, आपल्या हातात ओढण्यासाठी. या खेळातला सर्वांत आनंदाचा क्षण नुसती मेंढी पकडण्याचा नसतो. विरुद्ध बाजूच्या एकाने बदामचा एक्का टाकलेला असतो, त्याच्या भिडूने विश्वासाने त्याच्यावर बदामची मेंढी दिलेली असते, आणि शेवटचा गडी हुकमाची दुर्री टाकून अख्खा हात उचलतो. बावन्न पानांतलं सर्वांत हलकं पान सर्वांत भारी पानाला गप्प करतं.

हे फुकट मात्र होत नाही. हातात बदामचं एकही पान शिल्लक असेल, तर तेच टाकावं लागतं. हुकूम कितीही असले तरी ते बघत बसायचे. कापण्याचा हक्क रंग संपल्यावरच मिळतो. कट हुकमाच्या पद्धतीत तर उतारीचा रंग नसलेला पहिला गडी जे पान टाकेल, त्याचाच रंग हुकूम ठरतो. स्वस्त पानाला मोठी ताकद द्यायची आणि तिच्यावर अट घालायची, हा कारागिरीचा भाग आहे. तोच मला दूरच्या एका खेळात फार नेमकेपणाने सापडला.

सुट्टीला आलेल्या शहरातल्या मुलांच्या पिशव्यांत आता एक वेगळा जोड दिसतो. मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू स्वतःचा किमान ६० पत्त्यांचा जोड घरून बांधून आणतो. साध्या जमिनी सोडल्या तर एकच पान चारपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सुरुवातीला हातात सात पानं आणि २० प्राण. दर पाळीला एकच जमीन मांडता येते, आणि जमिनीतून मॅना, म्हणजे मंत्रशक्ती, मिळते. त्या मॅनावर देवदूत, ड्रॅगन, राक्षस मैदानात उतरवायचे आणि समोरच्याचे प्राण शून्यावर आणायचे.

आता हिशेब पाहा. सेरा एंजल हा पंख असलेला देवदूत उतरवायला पाच मॅना लागतात. म्हणजे साधारण पाचव्या पाळीपर्यंत थांबायचं आणि त्या पाळीची सगळी कमाई एका जिवावर लावायची. समोरचा एका मॅनाच्या मंत्राचं पान टाकून तो देवदूत खेळाबाहेर काढतो. पान एकाला एक गेलं, बरोबरी झाली. पण त्याच्याकडे त्याच पाळीला आणखी चार मॅना उरले, आणि त्यांतून तो स्वतःचं काहीतरी उभं करतो. पत्ते सारखे गेले, वेळ मात्र एकाचाच गेला. स्वस्त मंत्राचं खरं बळ या फरकात आहे. मारलेला जीव जितका महाग, तितका तो फरक रुंद.

हे एका मॅनाचं पान म्हणजे स्वोर्ड्‌स टू प्लाउशेअर्स. ते १९९३च्या पहिल्याच संचातलं आहे. काढलेल्या जिवाची जेवढी ताकद, तेवढे प्राण त्याच्या मालकाला परत मिळतात. सेरा एंजलसाठी चार. २००९ साली आलेलं पाथ टू एक्झाइल हेच काम एका मॅनात करतं, पण समोरच्याला जोडातून एक साधी जमीन शोधून मांडू देतं. पहिलं पान प्राण देतं, दुसरं वेळ देतं. म्हणून दुसऱ्या पाळीला पाथ वापरणं बहुधा चुकीचं ठरतं: समोरचा एक पाळी पुढे पळतो. दहाव्या पाळीला त्याला जमिनीची गरजच नसते, आणि तेव्हा हेच पान जवळजवळ मोफत पडतं.

निळ्या रंगाचं अनसमन एका मॅनात जीव मालकाच्या हातात परत पाठवतं. तो पुन्हा येणारच, पण पुन्हा पूर्ण किंमत मोजून. लाल रंगाचं लाइटनिंग बोल्ट तीन घाव घालतं, तेवढंच. चार घावांनी मरणारा देवदूत त्यातून वाचतो. पांढऱ्या रंगाचं दोन मॅनांचं पॅसिफिझम जिवाला मारतच नाही, त्याला फक्त लढू आणि अडवू देत नाही. त्याच्या अंगचे बाकीचे गुण चालूच राहतात, आणि ते पान कोणी काढून टाकलं की तो पुन्हा लढायला उभा.

मला यांतलं सर्वांत सुंदर घडवलेलं पान वाटतं ते काळ्या रंगाचं फेटल पुश. २०१७ साली ते आलं, तेही भारतावरून प्रेरणा घेऊन रंगवलेल्या कलादेश नावाच्या जगातल्या कथानकात. एका मॅनात ते दोन मॅनांपर्यंतचा जीव मारतं. त्या पाळीत तुमची मैदानातली एखादी वस्तू मैदान सोडून गेली असेल, तर हात चार मॅनांपर्यंत पोचतो. आधी काही गमवा, मग मोठा घाव घाला. मेंढीकोटात रंग संपल्यावर मिळणाऱ्या हक्काचंच हे रूप.

मोठा जीव दिसला की मंत्र टाकायचा, हा मोह नवख्याला होतो. मुरलेला खेळाडू कधी कधी पहिल्याच पाळीला आलेल्या लानोवार एल्व्हजवर बोल्ट खर्च करतो. एका मॅनाचं, एकाच घावात मरणारं ते किरकोळ पान, पण ते दर पाळीला जादा मॅना देतं. ते जगलं तर समोरच्याचा प्रत्येक राक्षस एक पाळी लवकर येतो. उलट बाजू अशी, की बोल्ट संपल्यावर येणाऱ्या जिवाला उत्तर उरत नाही. या निवडीवर खेळाडू वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत, आणि तो वाद संपू नये असंच मला वाटतं. चांगल्या मेंढीकोटवाल्यालाही हुकमाची दुर्री साध्या हातावर घालवायची की मेंढीपर्यंत राखायची, हे दर डावाला नव्याने ठरवावं लागतं.

याच कोकणात दक्षिणेला सावंतवाडीत जो दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा जोड रंगवला जातो, त्यात हुकूमच नाही. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं. राजा आणि वजीर सर्वांत वर. मग हलक्या पानांचं काय? त्यावर जुन्या रचनाकारांनी वेगळाच तोडगा काढला: अर्ध्या रंगांत दहापासून खाली एकापर्यंत उतरण, आणि उरलेल्या अर्ध्यांत क्रम उलटा, एक्का वजिराच्या लगेच खाली आणि दश्शी तळाला. हलक्या पानाला दुसऱ्याला कापण्याची मुभा न देता त्याची पायरीच बदलली. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, म्हणून आज ती पानं हातात घेऊन हा उलटा क्रम पाहता येतो. मेंढीकोट खेळणाऱ्याला तो पहिल्यांदा पचत नाही; दश्शी तळाला गेलेली पाहून हात अडखळतो.

मॅजिकच्या रचनाकारांपुढे प्रश्न उलट दिशेने आला. स्वस्त मंत्र इतके चांगले, की सहा मॅनांचा राक्षस मांडणं जोखमीचं. २०१० सालच्या संचात त्यांनी सहा मॅनांचे पाच टायटन आणले. त्यांतला ग्रेव्ह टायटन मैदानात पाऊल टाकतानाच दोन झाँबी सोबत आणतो. त्याच्यावर एका मॅनाचा मंत्र टाका, टायटन जातो; दोन्ही झाँबी पटावर राहतात, आणि त्यांच्यासाठी तुमच्या हातात आणखी दोन उत्तरं हवीत.