विश्लेषण : खाणीच्या ढिगाऱ्यावर पुन्हा जंगल उभे राहू शकते का?

चंद्रपूर, घुग्घुस, वणी परिसरात रस्त्याच्या कडेला दिसणाऱ्या अनेक टेकड्या निसर्गाने घडवलेल्या नाहीत. कोळशावरचा दगड-मुरूम उपसून रचलेले ते ढिगारे आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावरचा गाळ वाहून नाल्यांत आणि शेतांत उतरतो. त्यांवर पुन्हा हिरवळ आणणे शक्य आहे का?

ढिगाऱ्यावर झाडे का जगत नाहीत?

खोदकामात सुपीक माती खाली जाते आणि खोलवरचा दगड वर येतो. त्यात सेंद्रिय पदार्थ, नत्र आणि सूक्ष्मजीव जवळपास नसतात. पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात दगड तापला की कोवळी मुळे करपतात. म्हणूनच नुसते खड्डे खणून लावलेली रोपे अनेकदा पहिला उन्हाळाही काढत नाहीत. निसर्गात मातीचा इंचभर थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

‘नीरी’ने काय केले?

नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने सावनेर तालुक्यातील गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर वेगळा प्रयोग केला. साखर कारखान्यातील प्रेसमडसारखा सेंद्रिय कचरा दगडगोट्यांत मिसळला. रोपांच्या मुळांना रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी दिली. जिवाणू हवेतील नत्र मिळवून देतात, तर बुरशी मुळांपलीकडचे पाणी आणि स्फुरद ओढून आणते. पुढे गळणारा पाला कुजतो आणि मातीचे चक्र सुरू होते. या पद्धतीने तिथे साग, शिसवासारखी झाडे उभी राहिली.

सुपीक माती जपून ठेवली तर?

तोच सर्वांत स्वस्त मार्ग. खोदण्यापूर्वी वरची माती वेगळी काढायची आणि शक्य तितक्या लवकर परत पसरायची. उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली तर आतल्या भागाला हवा मिळत नाही, बियाणे आणि सूक्ष्मजीव मरतात.

हिरवे दिसले म्हणजे झाले?

नाही. गोव्यातील लोहखनिजाच्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ मोठ्या प्रमाणात लावली गेली. ती झपाट्याने वाढते, उतार धरून ठेवते. पण एकाच जातीची लागवड म्हणजे जंगल नव्हे. आधी गवत आणि शेंगवर्गीय झुडपे, मग स्थानिक झाडे, हा क्रम अधिक टिकाऊ ठरतो.

कायदा काय सांगतो?

कोळसा खाणींसाठी २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात रक्कम ठेवणे बंधनकारक केले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा व वनस्पतींच्या वाढीयोग्य करण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्याचे निर्देश केंद्राला दिले.

मग अडते कुठे?

मोजमापात. किती रोपे लावली हे मोजणे सोपे असते. पाच-दहा वर्षांनी किती जगली, पाणी न घालता बी रुजते का, नाल्यातला गाळ कमी झाला का, हे पाहणे कठीण. ढिगाऱ्याखालच्या शेतकऱ्यासाठी मात्र खरी कसोटी तीच आहे.