सुटीतील वनौषधी-शोध : परसबाग, निघंटू आणि घरातील मुले

उन्हाळ्याची सुटी लागली की वैद्यांच्या घरी मुलांची, भाचे-पुतण्यांची वर्दळ वाढते. विदर्भातील शाळा राज्याच्या अन्य भागांपेक्षा उशिरा उघडत असल्याने ही सुटी जून महिन्याच्या अखेरीपर्यंत लांबते. या दिवसांत मुलांना दूरचित्रवाणी व मोबाइल यांच्या पडद्यापासून कसे दूर ठेवावे, हा प्रश्न पालक या नात्याने आपणा सर्वांपुढे असतो. वैद्य व औषधनिर्माते या नात्याने आपल्यापुढे दुसराही एक प्रश्न आहे. द्रव्याचे नाव, गुण, कर्म मुखोद्गत असूनही द्रव्याचे रूप डोळ्यांस परिचित नाही, अशी स्थिती आपल्या व्यवसायात वाढत आहे. या दोन्ही प्रश्नांचे एक सोपे, घरगुती व आनंददायक उत्तर परसबाग आणि वनौषधींचा खजिना-शोध यांत आहे, असे आम्हास वाटते. त्याची पद्धत येथे सविस्तर मांडीत आहोत.

रूपज्ञानाचे महत्त्व

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, औषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात. त्यांचा योग, म्हणजे उपयोग, जाणणारा तो खरा तत्त्ववेत्ता. त्याच ठिकाणी, न ओळखलेले औषध विषासमान व नीट जाणलेले औषध अमृतासमान असते, असा इशाराही दिला आहे. आज अनुक्रम उलटला आहे. योग आपण जाणतो. नाव-रूप मात्र कच्च्या मालाच्या व्यापाऱ्यावर सोपविले आहे.

याचे परिणाम काल्पनिक नाहीत. अशोकाच्या सालीत आसुपालवाची, म्हणजे रस्त्याकडेला सरळ उभ्या असणाऱ्या तथाकथित अशोकाची साल मिसळली जाणे, ही आपल्या व्यवसायाची जुनी व्यथा आहे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यावर, वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नव्हती व टायनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वेलीशी गल्लत संभवते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. त्यानंतरही असे अहवाल आले. तो वाद येथे सोडविण्याचा आमचा हेतू नाही. तथापि, रुग्णाच्या पोटात नेमकी कोणती वेल गेली, हे निःसंशय सांगता येणे ही वैद्याची पहिली जबाबदारी आहे, याविषयी दुमत होऊ नये.

ग्रीष्मचर्येची चौकट

मुलांसह घराबाहेर पडावयाचे, तर ऋतूचे भान प्रथम हवे. ग्रीष्म हा आदानकालाचा शेवट होय. या काळात देहबल क्षीण असते, वाताचा संचय होत असतो. म्हणूनच व्यायाम, ऊन, तसेच कटु, अम्ल व लवण रस यांचा अतिरेक टाळून मधुर, शीत, द्रव व स्निग्ध आहार घ्यावा, असे शास्त्र सांगते. त्याच ऋतुचर्येत चरकांनी शीतल वने, जल आणि फुले यांचे सेवन सांगितले आहे. वाग्भटांनी उंच वृक्षांनी सूर्यकिरण अडविलेल्या उपवनात मध्याह्न घालविण्याचा उपदेश केला आहे. बाग हा ग्रीष्मचर्येचाच एक भाग आहे, हे यावरून ध्यानी येईल.

व्यवहारात याचा अर्थ असा, की खेळ व बागकाम सूर्योदयापासून सकाळी आठपर्यंत आणि पुन्हा सूर्य कलल्यावर करावे. मधला सारा वेळ सावलीत, वहीत नोंदी व चित्रे काढण्यात घालवावा. मे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या नवतप्याच्या दिवसांत तर खेळ अंगणापुरताच ठेवावा. निघण्यापूर्वी पाणी पाजावे. परतल्यावर कैरीचे पन्हे किंवा साखर घातलेले सातू द्यावेत. एखादे मूल असंबद्ध बोलू लागले, भोवळ येऊन पडले किंवा अंग तापून घाम थांबला, तर त्यास तत्काळ सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अशा वेळी पन्ह्यावर विसंबू नये.

मे महिन्यातील परसबाग

भर उन्हाळ्यात लागवड कसली, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. मे महिना रोपे लावण्याचा नव्हे, तयारीचा आहे. मृगाच्या सरींपूर्वी खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत. झुडपांसाठी दीड फूट व वृक्षांसाठी दोन फूट लांबी-रुंदी-खोली पुरेशी होते. नंतर माती व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाने ते भरून ठेवावेत. खड्डा मोठ्यांनी खणावा, मोजमाप मुलांनी करावे.

हळदीचे कंद मे-जूनमध्ये लावता येतात. गुळवेलीच्या पेरांचे तुकडेही याच सुमारास लावावेत. अडुळशाची कलमे, शतावरीचे बी व वेखंड यांसाठी पावसाची वाट पाहावी. जूनमध्ये निंबोळ्या पिकू लागतात. त्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच ओसरते, म्हणून गोळा केल्याबरोबर पेराव्यात. जुनी रोपे जगविण्यासाठी आपल्या धानपट्ट्यात घरोघरी मिळणारे तणीस बुंध्याभोवती पसरावे. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावे. बुडाला बारीक छिद्र असलेले मडके रोपाशेजारी पुरून ते दिवसाआड भरण्याचे काम मुले हौसेने करतात.

प्रत्येक रोपाजवळ मराठी, संस्कृत व शास्त्रीय अशी तीन नावे लिहिलेली पाटी असावी. खेळाच्या दिवशी मात्र पाट्या काढून ठेवाव्यात.

निघंटूतील पर्याय हीच शोधपत्रे

खजिना-शोधात चिठ्ठ्या लागतात. त्या तयार करण्यासाठी वेगळी प्रतिभा लागत नाही, कारण निघंटुकारांनी त्या शतकांपूर्वीच लिहून ठेवल्या आहेत. द्रव्यांचे पर्याय आपण परीक्षेपुरते पाठ केले; वस्तुतः त्यांतील अनेक पर्याय ही ओळखीची खूण आहे. काही उदाहरणे पाहू.

गुळवेल ही छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी पुन्हा वाढणारी; आणि चक्रलक्षणिका, म्हणजे आडवा छेद घेतला असता चाकासारखी आकृती दाखविणारी. मोठ्या माणसाने कांडाचा तुकडा कापून दाखविला की मुलांना ते चाक लगेच दिसते. टायनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक पुळ्यांसारखे उंचवटे असतात, हेही त्याच वेळी सांगावे.

आघाडा हा खरमंजरी, म्हणजे खरखरीत तुऱ्याचा. आणि प्रत्यक्पुष्पी, म्हणजे फुले उलट्या दिशेस वळलेला. धुऱ्यावरचे वाळलेले तुरे कपड्यांस चिकटले की हे नाव मुले विसरत नाहीत.

बहावा हा दीर्घफल आणि राजवृक्ष. वैशाखात पिवळ्याधमक घोसांनी लवलेला व त्याच वेळी गतवर्षीच्या काळ्या, काठीसारख्या शेंगा मिरविणारा हा वृक्ष लहानात लहान मूलही शोधून काढते.

मोह हा गुडपुष्प, ज्याचे फूल गुळासारखे गोड. कुडा ही गिरिमल्लिका, डोंगरावरची मोगरी; ती एप्रिलपासून पांढऱ्या फुलांनी बहरते. येथे पांढरा कुडा व काळा कुडा यांतील भेद दाखविण्याची संधी आहे. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी सुट्या असतात, तर काळ्या कुड्याच्या शेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात. पहिल्याचे इंद्रजव कडू, दुसऱ्याचे गोड म्हणून ओळखले जातात. चव पाहणे मात्र वैद्यानेच करावे.

अशोकाचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. त्यास हेमपुष्प व ताम्रपल्लव म्हटले आहे. आता आसुपालवाची कोवळी पालवीही तांबूसच असते; म्हणजे केवळ ताम्रपल्लव या खुणेवर विसंबणारा फसतो. हेमपुष्प ही खूण निर्णायक ठरते, कारण खऱ्या अशोकाचे नारिंगी-तांबडे गुच्छ कोठे आणि आसुपालवाची हिरवट, नजरेत न भरणारी फुले कोठे! शिवाय खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, अनेक पर्णिकांचे असते. आसुपालवाचे साधे, लांबट व नागमोडी कडांचे. एका लक्षणावरून निर्णय करू नये, हा धडा मुले खेळताना शिकतात आणि आपणही तो पुन्हा उजळतो.

नदी-नाल्यांच्या काठी अर्जुन व शेतालगत ऐन अशी जोडीही घ्यावी. दोघांच्या फळांना पाच पंख असतात. अर्जुनाची साल फिकट, गुळगुळीत व पापुद्रे सोडणारी असते, म्हणूनच त्यास धवल हा पर्याय शोभतो. ऐनाची काळपट साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते.

खेळाची मांडणी

दहा चिठ्ठ्या, दोन गट व दीड तास एवढे पुरे. प्रत्येक गटात एक मोठा माणूस, एक शाळकरी मूल व शक्य तर आजी-आजोबा असावेत. चिठ्ठीवर पर्याय व त्याचा सोपा अर्थ लिहावा. गटाने झाड शोधावे, पान, साल, फूल, फळ यांपैकी निदान तीन खुणा सांगाव्यात, मग पुढील चिठ्ठी मिळावी. आधी पोहोचणाऱ्यापेक्षा अधिक खुणा सांगणाऱ्यास अधिक गुण द्यावेत. शेवटचा खजिना म्हणून चारोळी किंवा गूळ-शेंगदाण्यांची पुरचुंडी अंगणात लपवावी.

खेळाची जागा परसबाग, शेताचा धुरा, गावाची आखर किंवा मामा तलावाची पाळ ही असावी. तलावाच्या ओलसर कडेला जाड, लहान पानांची ब्राह्मी व गोलसर पानांची मंडूकपर्णी यांतील भेद दाखविता येतो. पाण्याच्या कडेला मुलांचा हात धरूनच जावे. गावातील एखाद्या ज्येष्ठ गुराख्यास, गोवारी अथवा गोंड बांधवास सन्मानाने परीक्षक म्हणून बोलवावे. चरकांनी ज्यांना नाम-रूपाचे जाणकार म्हटले, ते आजही आपल्या शेजारी राहतात.

एक नियम कडक असावा : पाहावे, तोडू नये. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली अस्तित्वात आला. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्याच्या हद्दीतून वनस्पती काढणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार निषिद्ध आहे. शिवाय मोहाच्या फुलांवर अस्वले येतात. मुलांस घेऊन पहाटे जंगलात शिरण्याचे धाडस कोणीही करू नये.

नावांतच दिलेले इशारे

जी द्रव्ये दुरूनच दाखवावीत, त्यांच्याही पर्यायांत सूचना आहे. बिब्बा हा अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा. त्याच्या फळातील तेलाने त्वचेवर फोड उठतात. खाजकुइली ही कंडुरा. तिच्या शेंगांवरील लव अंगास लागली की असह्य खाज सुटते. धोत्रा हा उन्मत्त. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास दृष्टीस अपाय होतो. गुंजेचे सुंदर बी चावले गेल्यास प्राणावर बेतू शकते. ही पाच नावे खेळाआधी मुलांकडून म्हणवून घ्यावीत. पायात बूट, हातात काठी असावी. दगडांच्या व सरपणाच्या ढिगात हात घालू देऊ नये. विंचू-सापांचे ते आश्रयस्थान असते.

औषधालयचालकांसाठी

औषधनिर्मात्यांना या खेळाचा थेट लाभ आहे. २००० साली अधिसूचित झालेल्या ‘शेड्यूल टी’मधील उत्तम निर्मितीच्या नियमांनुसार कच्च्या द्रव्याची ओळख व परीक्षा ही निर्मात्याची जबाबदारी आहे. आपल्या आवारात खऱ्या द्रव्यांची दहा-बारा झाडे लावावीत. काचेच्या बरण्यांत खरी व सदृश साल शेजारी-शेजारी ठेवून त्यावर स्थान व दिनांक लिहावा. कच्चा माल उतरवून घेणाऱ्या कामगारांनाही सहकुटुंब खेळास बोलवावे, कारण पोते प्रथम त्यांच्याच हातून उघडले जाते. प्रयोगशाळेतील परीक्षणाची जागा हा खेळ घेऊ शकत नाही. परंतु शंका येण्यासाठी डोळा तयार असावा लागतो, आणि शंका आल्याखेरीज परीक्षण नेमके कशाचे करावे हे उमगत नाही.

सुटीच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या वहीत निदान दहा वनस्पतींची नावे, चित्रे व खुणा असाव्यात. पुढील ग्रीष्मात तीच वही उघडून त्याच झाडांकडे पुन्हा जावे. पालवी, फूल व फळ केव्हा आले याची नोंद वाढवावी. अशा वह्या आपल्या घरांतून साठत गेल्या, तर गोंदिया जिल्ह्याच्या वनौषधींची घरोघरची माहिती आपोआप तयार होईल, आणि रुग्णाच्या हाती पुडी देताना तिच्यातील द्रव्य आपण स्वतः पाहिलेल्या झाडाचे आहे, हे सांगण्याचे समाधान वैद्यास लाभेल. सर्व वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी या सुटीत एक सकाळ यासाठी अवश्य काढावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.